वरून दिसते ती

१८ मार्च, मंगळवार

लातूरला आलो एकदाचे. सामान म्हणजे दोन पेट्या, गॅसची शेगडी, शिवांगीच्या पुस्तकांचं पोतं आणि तिच्या पप्पांनी शिरूर अनंतपाळहून टेम्पोत बळंच टाकलेली अर्धी गोणी ज्वारी. वैजनाथ दुपारीच माघारी गेले, हरभऱ्याची रास राहिली होती. जाताना पोरीला म्हणाले, आईला सांभाळ. ती हसली आणि मलाही हसू आलं.

खोली स्विमिंग टँकच्या मागं आहे, पंपाच्या खोलीला लागून. खिडकी उघडली की समोर निळंशार पाणी. शिवांगी म्हणाली, मम्मी, लोक असल्या व्ह्यूसाठी लोणावळ्याला जातात. मालक शंकरप्पा बोलका माणूस. सकाळ-संध्याकाळ बायकांची बॅच मी घ्यायची, दुपारी फिल्टरचा पंप चालवायचा आणि टँकवर नजर ठेवायची. पोरीचा नीटचा क्लास सायकलवर जाण्याइतका जवळ. तिला होस्टेलला एकटी ठेवायची माझी छाती नव्हती, म्हणून तर ही नोकरी धरली.

मी पोहायला शिकले माहेरच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. पुढं नांदेडला जीवरक्षकाचं शिक्षण घेतलं, विष्णुपुरीला गोदावरीत परीक्षा दिली. त्या मानानं हे पाणी म्हणजे परातीतलं. तळाची फरशीन् फरशी दिसते.

२२ मार्च, शनिवार

बॅचमध्ये सगळ्या नवशिक्या. एक डॉक्टरीणबाई, दोघी बँकेतल्या, एक नवी नवरी. पहिल्या दिवशी शिडीच सोडत नव्हत्या, आज पाय मारायला लागल्या. नवरी पाण्यात उभी राहिली आणि स्वतःचे पाय बघून ओरडली, बाई, मी तर बुटकी झाले. सगळ्या पोट धरून हसल्या.

रात्री जेवताना हे सांगितलं तर शिवांगीनं लगेच शिकवणी घेतली. स्टीलच्या वाटीत रुपया टाकला. मला मागं सरकायला लावलं, रुपया दिसेनासा होईपर्यंत. मग वाटीत हळूहळू पाणी ओतलं. रुपया जागचा हलला नाही, पण मला दिसायला लागला, वर आल्यासारखा. ती म्हणाली, उजेड पाण्यातून हवेत येताना वाकतो. आपल्या डोळ्याला वाकणं कळत नाही, तो सरळ रेषेतच बघतो. म्हणून तळ वर आल्यासारखा वाटतो. पाणी चारातला एक हिस्सा खातं, मम्मी. तुझं खोल टोक बारा फूट आहे ना, वरून बघणाऱ्याला ते नऊच वाटणार.

इतकं सोपं करून मला कुणी शिकवलं असतं तर मीही डॉक्टर झाले असते.

२७ मार्च, गुरुवार

आज एक नवीन बाई आल्या. नागुबाई, चाकूरकडच्या. अंगणवाडीत होत्या, आता लातूरला भावाकडं राहतात. पन्नाशीच्या असतील. अंगात पंजाबी ड्रेस, केसांना रुमाल घट्ट बांधलेला. जयभीम म्हणाल्या आणि सरळ खोल टोकाकडं निघाल्या. मी अडवलं, म्हटलं, मावशी, आधी तरंगायला शिका.

तर म्हणाल्या, "मला वर ऱ्हायचं न्हाई शिकायचं, मॅडम. खाली ऱ्हायचं शिकवा."

मला आधी थट्टा वाटली. पण बाई थट्टा करणाऱ्यातल्या नाहीत. म्हटलं, श्वास धरायला शिकवते, पण तरंगणंही शिकावं लागेल. त्यांनी मान हलवली. इतक्या मन लावून शिकणारी बाई मी पाहिली नव्हती.

४ एप्रिल, शुक्रवार

आज दुपारी जरा घाबरले. टँकवर कुणी नव्हतं, वारा नव्हता, पाणी काचेसारखं. कडेनं चालताना खोल टोकाला तळाशी कुणीतरी बसलेलं दिसलं. निळा कुर्ता, गुडघे पोटाशी घेतलेले, डोकं खाली. पसरट, बसकं, पाण्यात माणूस दिसतं तसंच. मी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली.

खाली काही नव्हतं. नुसत्या फरशा आणि पाणी ओढून घ्यायची जाळी. ती जाळी मात्र एका बाजूनं सुटलीय. हाताला हलली. शंकरप्पांना सांगितलं, ते म्हणाले, आठवड्यात बदलून देतो, ताई.

शिवांगीला सांगितलं तर म्हणाली, कडेची निळी पट्टी तिरकी दिसली असेल, उन्हानं हलली असेल. असेल.

११ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा दिसली. आणि या वेळी बॅच पाण्यात होती. मी शिट्टी फुंकली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि सूर मारला. काही नाही. वर आले तर बायका एकमेकींना धरून उभ्या. नवरीला रडू फुटलेलं.

संध्याकाळी शंकरप्पांनी ऑफिसात बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, ताई, तुम्ही अशा उड्या मारायला लागलात तर उद्या इथं कुणी येणार नाही. पाण्यात नाही नाही ते दिसतं. नीट बघा, खात्री करा, मगच उतरा. मी विचारलं, इथं आधी काही झालं होतं का? ते फोनवर बोलायला लागले.

नागुबाई मात्र गेल्या नव्हत्या. गेटपाशी थांबून होत्या. त्यांनी विचारलं, "निळा व्हता का कुर्ता?"

कुर्त्याचा रंग मी बॅचमध्ये कुणालाच सांगितला नव्हता.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती म्हणून नागुबाई आल्या नव्हत्या. आज बुंदीचा डबा घेऊन आल्या. बॅच गेल्यावर दोघी पायऱ्यांवर बसलो तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांची लेक लुंबिनी गेल्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर इथं आली होती. बारावीची परीक्षा झाली म्हणून. पोहता येत नव्हतं. खोल टोकाकडं तिनं लांबून तिरकं बघितलं, तिरकं बघितलं की तळ आणखीच वर दिसतो, इतका जवळ की मैत्रिणींना म्हणाली, कमरेइतकं तर आहे. आणि उतरली. पाटी होती, पण पाटीपेक्षा माणूस डोळ्यावर विश्वास ठेवतं.

तेव्हापासून ती वरून दिसते, नागुबाई म्हणाल्या. रोज नाही. पाणी गप असलं की. आत गेलं की नसते. मग एकदा शिडी धरून त्या स्वतः बुडी मारून खाली गेल्या आणि वर बघितलं, तर लुंबिनी काठावर उभी. कोरडी. केस मोकळे. चांगली, धडधाकट. वर येऊन बघावं तर काठ मोकळा. म्हणून त्यांना खाली राहायचं शिकायचं होतं. जितका दम तितकं बघणं.

मी त्यांचा हात धरून बसले. खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली. पोरगी गेलेल्या आईला काय काय दिसत असेल, असं मनात आलं. मग आठवलं, मलाही दिसते.

२० एप्रिल, रविवार

मी झोपत नाही, जेवत नाही, हे शिवांगीनं हेरलं. लुंबिनीचं सगळं तिला सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, मम्मी, आपण प्रयोग करू. मी तळाशी जाऊन बसते, तू वरून बघ. खरा माणूस कसा दिसतो ते एकदा डोळ्यात बसलं की भ्रम कुठला आणि खरं काय ते तुला कळेल.

पोरगी पोहण्यात माझ्यावर गेलीय, त्याची भीती नव्हती. पंप बंद होता. ती सुळकन खाली गेली आणि जाळीपाशी मांडी घालून बसली. वरून बघते तर माझी उंच, सडपातळ पोरगी बेडकासारखी बसकी झालेली. डोकं एकीकडं, धड एकीकडं. लाट आली की तुकडे व्हायचे, पुन्हा जुळायचे. मला इतकं हसू आलं की वर आल्यावर तीही हसत सुटली.

ती म्हणाली, खालून तर लईच भारी दिसतं. सगळं जग एका गोल खिडकीत मावतं, आभाळ, गेट, लिंबाचं झाड, सगळं कडेनं वाकून आत आलेलं. त्या गोलाच्या बाहेर नुसता आरसा. तू कडेला उभी होतीस, मम्मी, काठीसारखी वाकलेली.

टॉवेलनं तिचे केस पुसून दिले. कमरेपर्यंत केस. क्लासमुळं कापते म्हणत होती, मी नको म्हटलं. तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं की आता दिसली तर उडी मारायची नाही. मनात म्हणायचं, हा उजेड आहे, वाकलाय, बस.

२४ एप्रिल, गुरुवार

दिसली. थांबले. हा उजेड आहे, वाकलाय. पाठ फिरवली आणि चालत गेले. परत येऊन बघितलं तर नव्हती. शिवांगीला सांगितलं. तिनं पाठ थोपटली, मीच तिची लेक असल्यासारखी.

२६ एप्रिल, शनिवार

पुन्हा दिसली आणि पुन्हा गेली. आता छाती धडधडत नाही. शंकरप्पा म्हणाले, ताई, तब्येत सुधारली तुमची. जाळीचं विचारलं. माणूस सांगितलाय म्हणाले.

नागुबाई आज म्हणाल्या, तुमी बघून बी तशाच जाता का आता? मी म्हटलं, मावशी, तो उजेड आहे. त्यांनी रुमाल सोडला, केस पिळले आणि निघून गेल्या. वाईट वाटलं.

२९ एप्रिल, मंगळवार, दुपार

ऊन फार. डोळे उघडवत नाहीत. भाजी घेऊन आत्ताच आले. येताना टँकच्या कडेनं आले. ती बसली होती, जाळीपाशीच, उन्हाच्या लकाकीत कपड्याचा रंगही कळत नव्हता. घाबरले नाही. आज जरा निराळं होतं, तिनं हात वर केला. हलवत होती, मोडल्यासारखा दिसत होता कोपरातून. आजवर कधी हात हलवला नव्हता. थोडी थांबले. मग मनातलं वाक्य म्हटलं आणि पाठ फिरवली. पंप चालू केला.

शिवांगीला सांगायला पाहिजे, आता हातही हलवते. हसेल.

शेवग्याच्या शेंगा ताज्या मिळाल्या. तिला आमटी आवडते.

तिची सायकल लिंबाखाली उभी आहे. म्हणजे आली वाटतं क्लासवरून लवकर. दार तर बाहेरून लावलेलं होतं. हाका मारल्या. पंपाच्या आवाजात ऐकू जात नसेल. पायऱ्यांवर तिच्या चपला—

११ मे

गावाकडं. माती दिली. शेतात, तिच्या आजोबांच्या शेजारी.

केस ओढले गेले होते जाळीत. पंप बंद करून मी खाली गेले तेव्हा ती तिथंच होती. या वेळी होती. हाताला लागली. दातांनी केस तोडले. वर आणली. तोंडानं श्वास दिला, छाती दाबली, शिकवलेलं सगळं केलं. लोक आले. मला ओढून काढलं.

शंकरप्पा खाली फरशीवर बसून होते, डोकं गुडघ्यात. आठवडा आठवडा म्हणत राहिलो, एवढंच म्हणत होते. पोलिसांनी अपघात लिहिला.

क्लास लवकर सुटला होता. खरी कशी दिसते ते मला दाखवायला म्हणूनच बसली असणार, मी येताना दिसले तेव्हा. प्रयोग.

१३ मे

वैजनाथ बोलत नाहीत. ढोरांना वैरण टाकतात, बांधावर जाऊन बसतात. आज जेवणाच्या ताटावर त्यांनी एकच विचारलं. पंप लावायच्या आधी तुला ती दिसली होती का?

मी नाही म्हटलं.

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली.

१९ मे

तिनं हात हलवला होता. मी बघितला होता. थोडी थांबले होते. थोडी म्हणजे किती? एक सूर मारण्याइतकी. तेवढंच पाहिजे होतं.

तिला खालून मी दिसले असणार. गोल खिडकीच्या कडेला. वाकलेली. पिशवी घेऊन पाठ फिरवणारी.

२३ मे

सामान आणायला म्हणून लातूरला आले. वैजनाथ येतो म्हणाले, मी नको म्हटलं. टँक बंद आहे. गेटची किल्ली अजून माझ्याकडंच. पाणी उपसलेलं नाही, कडेनं शेवाळ धरलंय. पंप बंद म्हणून पाणी अगदी गप.

खोलीत तिची वह्या-पुस्तकं तशीच. पलंगावर टॉवेल.

दुपारी काठावर गेले.

दोघी होत्या. निळा कुर्ता, आणि तिच्या शेजारी मांडी घालून—

उतरले. फरशा. जाळी आता नवी बसवलीय. काही नाही, कुणी नाही. हात फिरवला सगळीकडं.

मग वर बघितलं.

२४ मे

उभी होती. काठावर, पायऱ्यांपाशी. क्लासचा पिवळा ड्रेस. केस कोरडे, वेणी घातलेली. कडेनं वाकलेली दिसत होती, पण तीच. ती म्हणायची तसं सगळं आत मावलेलं, लिंब, गेट, आभाळ, आणि माझी पोरगी.

दम संपला. वर आले. काठ मोकळा.

पुन्हा गेले. होती. ओल्या हातानं लिहितेय, शाई फुटतेय.

२६ मे

नागुबाई आल्या. कुणी सांगितलं कोण जाणे. भाकरी, चटणी आणली. मला पाण्यातून ओढून काढलं, पदरानं तोंड पुसलं, घास भरवले. मी सांगितलं, मला दिसली, चांगली आहे, वेणी घातलीय. त्या रडायला लागल्या.

म्हणाल्या, "नका जाऊ बाई खाली. मी म्हैनाभर जाऊन राहिले. ती उभी ऱ्हाती, पर आपल्याकडं बगून बी वळखत न्हाई. माझ्या लेकीनं मला एकदा बी वळखलं न्हाई."

त्या आता चाकूरला परत जाणार आहेत. मुलाकडं. पुन्हा पाण्यात उतरणार नाहीत. मलाही चला म्हणाल्या. माझा हात बराच वेळ सोडला नाही.

मी उद्या येते म्हटलं.

२७ मे

खरं आहे त्यांचं. आज नीट बघितलं. ती वाकून खाली बघते. मला बघते. मी हात हलवते. थांबते जराशी.

मग पाठ फिरवते.

२८ मे

हात हलवला. दोन्ही हात. तिनं बघितलं. ओठ हलले तिचे. काय म्हणाली ते कळलं.

हा उजेड आहे, वाकलाय.

बस.

३० मे

वैजनाथांचा फोन. उचलला नाही. पुन्हा फोन. उचलला. म्हणाले, घरी ये, सिंधू. मी एकटा आहे. पहिल्यांदाच रडले ते. मीही. येते म्हटलं. खरंच म्हटलं.

त्यांना सांगायला पाहिजे होतं. दिसली होती म्हणून. नाही सांगता आलं.

३१ मे

शंकरप्पांचा निरोप. टँक बुजवणार. उद्या सकाळी पाणी उपसणार. त्यांनाही इथं थांबवत नाही म्हणे.

पाणी गेलं की ती कुठं उभी राहणार.

दुपार

बस चारची आहे. पेटी बांधली. तिची वेणीची रिबिन पेटीत ठेवली, पुन्हा काढली.

एकदाच जाते. जास्त वेळ राहायचं. ती दरवेळी थांबते, खरंच थांबते, आणि माझा दम संपतो, मी वर यायला लागते, तोवर ती वळलेली असते. माझंच चुकतं. मीच घाई करते. हललं नाही, टिकून राहिलं, तर उजेड वाटणार नाही तिला. वाकून बघेल. काठावर बसेल. पाण्यात हात घालेल.

तिला कळायला पाहिजे. खाली जी दिसते ती खोटी नाही, शिवांगी, ती तुझी